आवडू गुरवीण आणि न उघडलेलं पान

फार वर्षांपूर्वी, आमच्या पणजोबांचे पणजोबाही अजून रांगत असतील तेव्हा, समुद्राच्या कड्यावर आमचं वारोशी गाव होतं. तेव्हाही गावाखाली काळा कातळ होता आणि गावावरून खारा वारा वाहायचा. वारा असा, की दारात वाळत घातलेलं धोतर शेजारच्या गावात सापडायचं. अशा जागी केळ लावायची म्हणजे वेडेपणाच. केळीचं पान केवढं मोठं, केवढं कोवळं! सकाळी उघडावं आणि दुपारी त्याच्या चिंध्या व्हाव्यात. अळू, कर्दळ, हळद, सगळ्यांची तीच गत.

पण देवीचा नियम कडक होता. जत्रेच्या दिवशी तिचा नैवेद्य अखंड केळीच्या पानावरच वाढायचा. फाटकं पान देवीपुढे मांडायचं नाही. पान आणायचं काम गुरवाच्या घराकडे होतं. वारोशीत पान नाही, म्हणून गुरव दरवर्षी खाडीपलीकडच्या मळेखोलहून पान मागून आणायचा. पान त्यांचं, म्हणून जेवणाचं पहिलं मानाचं पानही त्यांचंच. मळेखोलकर मिशीवर ताव देत पहिल्या पंगतीला बसायचे आणि आमचे लोक खाली मान घालून वाढायचे.

गावानं केळी लावून पाहिल्या नव्हत्या असं नाही. हरी गुरवानं तर समुद्राच्या बाजूला दगडी भिंत रचली होती. पान फाटलं की भिंत हातभर चढवायची, हा गावाचा नेम होता. भिंत वाढत गेली, पानं फाटत राहिली. अशीच भिंत चढवता चढवता हरी एका पावसाळ्यात तापानं गेला आणि मागं त्याची बायको आवडू राहिली.

त्या वर्षी पान आणायला आवडू गेली. होडीतून पान नीट आलं, पण कड्याची चढण चढताना वाऱ्यानं ते मधोमध उभं फाडलं. नैवेद्य फाटक्या पानावर वाढला गेला. सगळं गाव हादरलं. गावचे प्रमुख धाकू गावकर उभे राहिले आणि म्हणाले, "आवडू, फुडल्या जत्रेक आपल्या मातीतला अखंड पान होया. नाय तर देवीचो निवेद मळेखोलाक जातलो आणि तुज्या घराची सेवा सुटतली."

 आवडूनं देवीपुढे फक्त एवढंच सांगितलं, की अखंड पानावर तू जेवशील तेव्हाच मी पानावर जेवेन. त्या दिवसापासून तिनं भात हातावर घेऊन खाल्ला, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीपाशी जाऊन बसली. मूठभर सुका भुसा घ्यायची, वाऱ्यात सोडायची आणि बघत राहायची. आठ दिवस तिनं हेच केलं. लोक म्हणाले, गेली बाई कामातून. नवव्या दिवशी ती उठली आणि भिंतीचा पहिला दगड खाली उतरवला.

धाकू गावकर धावत आले. "अगो, तुका खूळ लागला काय? घोवान रचलेली भित तू मोडतंस?"

"गावकारांनू, माज्या डोळ्यांनी बघलंय. भितीक आपटून वारो वर चडता आणि अलीकडे दुप्पट जोरान पडता. वारो अडवूचो नाय, तेका दमवूचो."

बोलली खरी, पण प्रत्येक दगड उतरवताना ती रडत होती. हरीच्या हाताची दुसरी कुठलीच खूण तिच्याकडे नव्हती. तरी भिंत तिनं जमिनीपर्यंत उतरवली.

मग तिनं कातळावर काटक्या पेटवल्या, तापल्या दगडावर पाणी ओतलं आणि तडकलेला कातळ पहारीनं उचकटला. असे सात खड्डे खणले, कंबरेइतके खोल. माती खाडीकाठून डोक्यावरून आणली. तिच्यात शेण घातलं, कुजका पाला घातला, कोळणींनी टाकलेली मासळी घातली. गावानं नाकाला पदर लावला. हरीच्या भिंतीचे दगड तिनं खड्ड्यांभोवती मांडले. समुद्राच्या बाजूला केवडा लावला, त्याच्या आत निगडीची झुडपं, निगडीच्या आत कर्दळ नि अळू, आणि सगळ्यांच्या पोटात केळीचे सात मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब. केवड्यातून वारा गाळून आत यायचा, निगडीत अडखळायचा, कर्दळीपर्यंत येता येता त्याला धाप लागायची. पानांवर बसलेलं मीठ ती रोज सकाळी गोड्या पाण्यानं धुवायची. ते पाणी कड्याखालच्या विहिरीतून कळशीनं वर आणायची.

एका पावसात केवडा पुरुषभर वाढला, असं म्हणतात. केवडा इतक्या लवकर वाढतो का, हे मला विचारू नका. मी विचारलं होतं तेव्हा पाठीत धपाटा बसला होता.

दसऱ्यापर्यंत वारोशीत कोणी पाहिली नव्हती अशी पानं झाली. बायका मुद्दाम त्यांच्या सावलीत येऊन उभ्या राहायच्या. एका अळवाखाली तर गाय बसायची आणि तिची शेपटीसुद्धा भिजायची नाही, असं म्हणतात.

आणि जत्रेला तीन दिवस असताना वादळ आलं. ते दोन दिवस घोंगावलं. केवडा आडवा झाला, निगडी मोडली. वादळ थांबलं तेव्हा सातही केळी उभ्या होत्या, पण एकही पान अखंड नव्हतं. सगळ्यांच्या चिंध्या लोंबत होत्या.

जत्रेच्या सकाळी मळेखोलचा गुरव टोपलीत पान घेऊन आला. त्यांच्या खोलगट मळ्यात वादळ फारसं पोचलंच नव्हतं. धाकू गावकरांचा आवाज मऊ झाला होता. म्हणाले, "आवडू, तू केलंस ता खूप केलंस. आता सोड."

आवडूनं मधल्या केळीकडे बोट दाखवलं. तिच्या गाभ्यातून एक पोंगा वर आला होता. पोंगा म्हणजे गच्च गुंडाळलेलं, अजून न उघडलेलं नवं पान. "वाऱ्याक उघडी पानां गावली. ह्या अजून मिटलेलाच आसा. सूर्य बुडासर निवेदाची येळ आसा मा?"

"आसा. पण आज उघडात कशावरून?"

"उघडतला. बसा."

ती बसली. मग धाकू गावकर बसले. मग सगळं गाव कातळावर बसलं, उपाशी. मळेखोलचा गुरव हसला आणि गंमत बघायला तोही बसला. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं. पोंग्याची एक घडी सुटली. आवडूनं त्याला हात लावला नाही, कुणाला लावू दिला नाही. दुसरी घडी सुटली. गाव इतकं गप्प होतं, की पान उलगडताना होणारा आवाज ऐकू येत होता, असं म्हणतात. सूर्य पाण्यापासून हातभर वर असताना शेवटची घडी उघडली.

मळेखोलच्या गुरवानं दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. कुठंही चीर नव्हती. त्यानं आपल्या टोपलीवर फडकं घातलं आणि आवडूला हात जोडले. वारा लागू नये म्हणून गावानं कडं करून ते पान देवळात नेलं आणि अंथरलं, तर एक टोक देवीपुढे आणि दुसरं सभामंडपाच्या पायरीवर. एका टोकाला देवी जेवली आणि दुसऱ्या टोकाला दोन्ही गावं. मानाच्या जागी धाकू गावकरांनी आवडूला बसवलं आणि भात स्वतः वाढला. वर्षानं ती पानावर जेवत होती. पहिला घास घेताना ती हमसून रडली, आणि मग पोटभर जेवली.

आजही वारोशीत समुद्राच्या बाजूला कोणी दगडी भिंत घालत नाही, केवडाच लावतात. नवी सून आली की ती आधी एक मुनवा लावते आणि त्याच्याभोवती दगड मांडते. आणि जत्रेच्या दिवशी परसात शंभर पानं उघडी असली तरी त्यांतलं एकही कापत नाहीत. सकाळी एक मिटलेला पोंगा निवडतात आणि सगळं गाव त्याच्यासमोर उपाशी बसतं. कधी दुपारीच उघडतो, कधी सूर्य टेकायला येतो. पोरं भुकेनं कुरकुरतात, विचारतात, नाहीच उघडला तर? तेव्हा गावातली सगळ्यांत म्हातारी बाई मागं वळूनही न बघता सांगते,

"उघडतला. बसा."