घराण्याचं हाड

शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेला डॉ. राजोपाध्ये असले की भल्याभल्यांची बोबडी वळायची. त्यांना विद्वत्तेपेक्षा घराण्याचा अभिमान जास्त होता.

वत्सला आवळे समोर येऊन बसली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वडील काय करतात?"

"केरसुण्या बांधतात, सर."

राजोपाध्ये हसले. "आमच्याकडे पाच पिढ्या डॉक्टर आहेत. ही विद्या रक्तात असावी लागते." त्यांनी टेबलावरची कवटी तिच्यापुढे सरकवली. "या माणसाविषयी सगळं सांग. घराणंसुद्धा. नाही सांगता आलं तर नापास."

शेजारी बसलेल्या दुसऱ्या परीक्षक, डॉ. मिस्त्रीबाई, यांनी चमकून पाहिलं. वत्सला नापास झाली तर शिष्यवृत्ती जाणार होती आणि शिक्षणही सुटणार होतं. तिने कवटी सावकाश फिरवून पाहिली.

"हा पुरुष असावा, सर. भुवयांवरचं हाड पुढे आलंय आणि कानामागचे उंचवटे मोठे आहेत. कवटीचे सांधे बुजत आलेत, म्हणजे वय बहुधा पन्नाशीच्या पुढचं. उजव्या दाढा जास्त झिजल्यात, तेव्हा त्याच बाजूने चावत असणार."

"आणि घराणं?"

"ते ज्या हाडावरून कळतं, ते हाड मला सापडलं नाही, सर. आपण बोट ठेवून दाखवा, मी आजच पाठ करते."

मिस्त्रीबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "दाखवा ना, डॉक्टर. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण मलाही ते माहीत नाही."

राजोपाध्यांनी पेन उचललं आणि गुण लिहिले. त्या वर्षी त्या विषयात वत्सला पहिली आली.