चकाकती वाट

मोटेनं पाणी काढत, त्या काळची गोष्ट. एका मळ्यात कुणीतरी कोवळी काकडी कुरतडली.

"हिचंच काम!" गोगलगाईकडे बोट दाखवत खारूताई ओरडली. "गोगलगाय नि पोटात पाय! हाकला मळ्याबाहेर!"

बाहेर तापलेला खडक. तिथे गोगलगाय दुपारपर्यंत वाळूनच गेली असती. तिची शिंगं भीतीनं सारखी आतबाहेर होऊ लागली.

"अगं, काहीतरी बोल!" बेडूकदादा वैतागले.

"दादा, मी जाते तिथे माझी वाट चकाकते. तीच बघा."

वाट पिकल्या पानापर्यंत जाऊन परतली होती. काकडीच्या वेलाकडे वळलीच नव्हती.

"आणि खारूताई, तुझ्या मिशीला हे बी कसलं?" बेडूकदादांनी विचारलं. खार शेपटी फुगवून पसार झाली.

पण खोटा आळ खोट्या मालासारखा, एकदा बाजारात खपला की परत येत नाही. दोनच दिवसांनी वांगं कुरतडलेलं दिसलं, तेव्हा सगळ्यांच्या माना आधी गोगलगाईकडेच वळल्या.