भरतीच्या वेळची शाळा

एकदा एका खाडीकाठच्या गावी शरयू नावाची शिक्षिका बदली होऊन आली. त्याआधीची नऊ वर्षे तिने एका वृद्ध गुरुजींच्या आगळ्या प्राथमिक शाळेत काढली होती. ती शाळा तिच्या मनातून जात नसे. तिथे घंटा नव्हती. मुले आमराईत बसून शिकत, विहिरीची खोली दोरीने मोजत. दयाळ पक्ष्याची पिल्ले पहिल्यांदा उडाली, त्या दिवशी गुरुजींसह अख्खा वर्ग पाठ सोडून झाडाखाली मान वर करून बसला होता. ते दिवस आठवले की तिचा चेहरा उजळे.

नव्या शाळेच्या पटावर बावीस मुले होती. येत मात्र सहा-सात. वर्षअखेर उपस्थिती सुधारली नाही, तर शाळा बंद करू, असा कागद वरून आला होता. शरयूने कंबर कसली. गुरुजींच्या शाळेचा दिनक्रम तिने भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवला. अंगणात आंब्याची रोपे लावली. खाऱ्या वाऱ्याने ती करपली. तिने पुन्हा लावली. घरोघर फिरून मुलांना बोलावले. तरी येणारी मुले सहा-सातच राहिली.

शेवटी तिने गुरुजींना पत्र धाडले. ऐंशी ओलांडलेले गुरुजी काठी टेकीत आले. त्यांनी भिंतीवरचा दिनक्रम शांतपणे वाचला आणि म्हणाले, "चुना आहे का ग थोडा?"

तिने बादली आणि कुंचला आणून दिला. गुरुजींनी सगळी अक्षरे पांढरी करून टाकली.

शरयूचे डोळे भरून आले. "गुरुजी, हे तर तुमचंच होतं!"

"माझं होतं, म्हणूनच पुसलं. आपल्या शाळेत घंटा का नव्हती, आठवतं?"

"मुलांना मोकळं वाटावं म्हणून."

"नाही ग. निम्मी मुलं गुरं चरायला सोडून यायची. घंटा झाली की उशिरा येणारं पोर लाजून कुंपणापासूनच परत फिरायचं. ते मी पाहिलं आणि घंटा उतरवली. शरयू, आपण केलं ते तुझ्या नीट लक्षात राहिलं. त्याआधी आपण मुलांकडे किती पाहत होतो, ते मात्र तू विसरलीस."

तिने कुंचला बादलीत ठेवला. मग म्हणाली, "आता मी काय करू?"

"मला काय ठाऊक? मी हे गाव आजच पाहतोय. ज्यांना ठाऊक आहे, त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी ती गोमतीच्या दारात गेली. ही मुलगी आठवड्यातून एखाददाच शाळेत येई. या खेपेस शरयूने 'शाळेत ये' म्हटले नाही. "तुझा दिवस कसा जातो, सांगशील?" एवढेच विचारले.

"ओहोटी लागली का आय खाडीत तिसऱ्या-शिंपल्या काढाया जाते," कडेवरच्या भावाला सावरीत गोमती म्हणाली. "मंग धाकल्याला कोन बगनार?"

घराघरांतून हेच उत्तर आले. ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरके. शाळेची वेळ जागची हलत नसे.

शरयूने ठरवले, शाळा भरतीच्या वेळी भरवायची. त्यासाठी ती तालुक्याच्या कचेरीत गेली. साहेबांनी नियम दाखवला. ती पुन्हा गेली. तिसऱ्या खेपेस मुलांच्या आयांना सोबत घेऊन गेली, आणि परवानगी घेऊनच परतली.

पौषापर्यंत रोज एकोणीस-वीस मुले येऊ लागली. शाळा बंद करण्याचा कागद मागे घेतला गेला.

एके दिवशी वर्ग सुटताना शरयू उद्याची वेळ फळ्यावर लिहायला वळली, तोच मागून गोमतीचा आवाज आला, "बाई, उद्या पावनेअकरा."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगाया कशाला हवं? आज धाला भरली, मंग उद्या पावनेअकरालाच की!"

शरयूने हातातला खडू गोमतीच्या हाती दिला आणि स्वतः मुलांमध्ये जाऊन बसली.