आडवी मोहोर

जिवाजीरावांनी सुभेदारांपुढे पत्र ठेवलं. धाकट्या भावानं, हैबतरावानं, मरणाच्या महिनाभर आधी आमराई त्यांना लिहून दिली होती म्हणे. खाली लाखेवर हैबतरावाच्या अंगठीची मोहोर होती.

"ही खोटी म्हणायची कुणाची छाती आहे?" जिवाजीरावांनी मिशीवर हात फिरवला.

"मोहोर खरीच आहे," हैबतरावाची विधवा सगुणाबाई म्हणाली. तिनं नवऱ्याची जुनी पत्रं पुढे केली. सगळ्यांवर मोहोर आडवी होती.

"लढाईत बोट सुजलं, ते सुजलंच. अंगठी निघेना, म्हणून ते मूठच लाखेवर टेकायचे. मोहोर आडवी पडायची. या पत्रावर ती सरळ आहे."

"मग?" सुभेदारांनी विचारलं.

"अंगठी निघाली ती तिरडीवर. भाऊजींनीच तेल लावून काढली. त्यांनाच विचारा, तिरडीवरून उठून ह्यांनी पत्र कधी लिहिलं?"