माळावरचा गवताचा बैल

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता, हेही आता कुणाला सांगता येत नाही. गवताच्या एका अफाट माळावर, राजरस्त्याच्या कडेला एक चिमुकलं गाव होतं. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या तिथं कधी थांबत नसत. गावाला ते फार लागायचं.

मग गावानं बांबूंचा सांगाडा उभा केला आणि त्यावर गवत बांधून देवळाएवढा बैल केला. गाड्या थांबू लागल्या. लोक माना वर करून बघत, "अबब" म्हणत आणि पुढं जात. तेवढ्यानंही गाव खूश. रीतच पडली. पोळ्याला प्रत्येक घरानं बैलाला चाऱ्याची एक पेंढी बांधायची, आणि बांधलेली काढायची नाही.

सगुणाही बांधायची. बैलाचे कान तिनंच वळले होते, आणि हे ती कुणी न विचारता सांगायची.

एका वर्षी पाऊस रुसला. माळ करपला. सगुणाच्या दावणीला तांबू नावाची गाभण गाय होती. तिच्या बरगड्या लांबून दिसायला लागल्या. घरातला चारा संपला, तशी सगुणा चावडीवर गेली. तिथं गावाची बैठक चालली होती. विषय होता गवताच्या बैलाची शेपूट.

"जरा आखूड वाटते," पाटील म्हणत होते.

"पाटील, माझी गाय उपाशी आहे," सगुणा म्हणाली. "बैलाच्या चार पेंढ्या द्या. नाहीतर वासरू पोटातच जाईल."

"वहिनी, बांधलेलं काढत नाहीत. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

"येणारेजाणारे."

"ते जातात हो निघून. इथं आपण राहतो."

"ते जातात म्हणून तर आपलं नाव लांबवर जातं," पाटील शांतपणे म्हणाले. "उलट यंदा तुमचीच पेंढी यायची राहिलीय."

सगुणानं कपाळाला हात लावला. भिंतीशी बोललं तर भिंत निदान पेंढी तरी मागत नाही. घरी येऊन तिनं तांबूला सोडलं आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, गवताच्या बैलापाशी नेलं. तांबूनं वास घेतला आणि मागचा पाय खायला सुरुवात केली.

पाटील काठी घेऊन धावत आले. "हाकला तिला, वहिनी."

"तुम्हीच सांगा. तिला आपली रीत माहीत नाही."

पाटलांनी काठी उगारली, तोच मागून घुंगरं वाजली. त्यांची स्वतःची बैलजोडी दावं तोडून आली होती. धन्याकडे न बघता दोघं गवताच्या पोटाला भिडले. पाटील त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. हाडांवर कातडं वाळत घातल्यासारखं दिसत होतं. शेपटीच्या नादात इतके दिवस न दिसलेलं ते त्यांना आज पहिल्यांदा दिसलं.

काठी खाली आली.

"आधी शेपूट सोडा रे," ते गावकऱ्यांना म्हणाले. "आणखी आखूड झाली तरी चालेल."

संध्याकाळपर्यंत माळावर नुसते बांबू उरले. चारा घराघरांत वाटला गेला आणि माळ पुन्हा हिरवा होईपर्यंत पुरला. तांबूला कालवड झाली.

एक दिवस एका गाडीवानानं विचारलं, "तो मोठा बैल कुठं गेला हो?"

"आमच्या गुरांच्या पोटात," पाटील म्हणाले.

गाडी न थांबता निघून गेली. पाटलांना थोडं वाईट वाटलंच. पण त्यांना वैरण टाकायची होती, म्हणून ते गोठ्याकडे वळले.

तर मुलांनो, आणि मुलांच्या आयांनो, परक्यांनी वाहवा करावी म्हणून आपल्या दावणीचं जनावर उपाशी ठेवू नये.