दाखवला तोच माल

मंदाकिनीबाई टेंभुर्ण्यांना दुकानदाराने सागवानी कपाट दाखवलं आणि घरी धाडलं प्लायवूडचं. ग्राहक आयोगात तक्रार केली, तर तिथे ना सदस्य, ना टंकलेखक, ना बसायला धड बाक. नुसत्या तारखा!

एका तारखेला बाई पाहतात तो काय, नव्या खुर्च्या, गरगरणारे पंखे, टेबलाटेबलावर कारकून! मुंबईहून उपसचिव पाहणीला आले होते, म्हणून तहसील कचेरीतून सामान आणि माणसं, सगळं उसनं आणलं होतं. परत न्यायला टेम्पो दारातच उभा होता.

उपसचिव ऐटीत म्हणाले, "सगळं तर आहे इथं! नवी पदं हवीत कशाला? लोकांना रडायची सवयच लागलीय."

मंदाकिनीबाई त्यांच्यासमोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या.

"मग दारातला टेम्पो रिकामा परत पाठवा, साहेब."

"कसला टेम्पो?"

"हे सगळं तहसीलला परत न्यायला आलाय तो. दाखवायचं एक अन् द्यायचं दुसरं, हीच तर माझी तक्रार आहे! दाखवलंत ते इथंच ठेवा. नाहीतर टेम्पो भरू द्या आणि मग पाहणी करा. तोवर मी या खुर्चीवरून उठत नाही."

समोर उसना पंखा गरगरत होता, तरी साहेबांना घाम फुटला.