पाण्यापर्यंतच्या पायऱ्या

“…सगळं पाठ आहे, बुवा. तरी पेपर समोर आला की माझा हात का चालत नाही?”

केतकीने हे विचारलं बुवांना, पण बघत होती आईकडे.

निरंजनबुवा मठाच्या ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली, कोण कोणाकडे बघतंय ते पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले.

मग आईनेच सगळं सांगितलं. केतकी शाळेत कधी गेलीच नाही, घरीच शिकली, आईजवळ. गणितात हुशार, इतिहास तोंडपाठ. गेल्या वर्षी बाहेरून दहावीला बसली आणि मराठीच्या पेपरात निबंधाचं पान कोरं ठेवून आली. रडून रडून डोळे सुजले होते पोरीचे. यंदाही तसंच झालं तर तिचे वडील तिला दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत घालणार होते. आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

“पण घरी काय सुंदर लिहिते हो!” आई म्हणाली. “माझ्या डोळ्यांत पाणी येतं.”

“तुमच्या येतं,” बुवा म्हणाले. “बरं… म्हण पोरी एखादा निबंध.”

केतकी एवढ्याचीच वाट बघत होती. ओढणी सारखी करून ती उभी राहिली.

“पाणी! पंचमहाभूतांतील एक अमृततुल्य तत्त्व! जलाविना ही वसुंधरा म्हणजे जणू प्राणाविना देह…”

हातवारे झाले, आवाज चढला, उतरला. मध्येच एका वाक्यावर गाडी अडली. तिने आईकडे पाहिलं. आईचे ओठ हलले आणि गाडी पुन्हा रुळावर आली. निबंध संपला तेव्हा केतकीची हनुवटी चांगलीच वर गेली होती.

“कुठलं पाणी?” बुवांनी विचारलं.

“म्हणजे?”

“हे निबंधातलं. कुठलं?”

“…सगळंच.”

बुवांनी टरफलं झटकली आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले. आईही उठली.

“तुम्ही बसा, ताई,” बुवा म्हणाले. “उरलेल्या शेंगा तेवढ्या सोला.”

आईवाचून मठामागच्या वाटेने चालताना केतकीला उगाचच चोरट्यासारखं झालं. एवढ्यातेवढ्या कामालाही त्या दोघी बरोबर जायच्या.

मागे एक जुनी बारव होती. अरुंद दगडी पायऱ्या खाली खाली जात अंधारात शिरल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात एक बाजू ढासळली होती. काही दगड निखळून लटकत होते, काही कुठे गेले होते कोण जाणे. आतून गार, ओला वास वर येत होता. एक पारवा फडफडत बाहेर आला आणि केतकी दचकली.

“पडझड झाल्यापासून मी उतरलेलो नाही,” बुवा म्हणाले. “पाणी कसं आहे बघायचं राहून गेलंय. ने मला.”

“मी?”

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधलं.

“हात लावायचा नाही. नुसतं बोलायचं.”

केतकीला हसू आलं. म्हाताऱ्यांचं काहीतरीच असतं! पण बुवांचं पाऊल कठड्याच्या दिशेने पुढे सरकलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

“थांबा! थांबा ना, मी आधी उतरते…”

ती उलट्या पावलांनी उतरू लागली, तोंड त्यांच्याकडे करून. काहीतरी बोलायचं म्हणून तिने घसा साफ केला.

“ही… ही पुरातन सोपानपंक्ती…”

“पाऊल टाकू का?”

“हो. टाका.”

बुवांनी टाकलं. दगड खाली कलला. म्हातारा एका अंगावर झुकला, दोन्ही हात हवेत गेले. केतकीच्या तोंडून किंकाळी निघाली. तिचा हात आपोआप पुढे झाला.

“हात नको!” बुवा ओरडले. कसेबसे भिंतीला टेकले. त्यांची छाती वरखाली होत होती.

“तो… तो दगड हलतो.”

“हे आधी सांगायचं की नंतर?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“मला कसं माहीत असेल?”

घरी माहीत असायचं. तिने अर्धं वाक्य उच्चारलं की उरलेलं आई समजून घ्यायची. ‘तिकडे’ म्हटलं की कुठे ते कळायचं, ‘तसं’ म्हटलं की कसं ते कळायचं. आजवर तिचा निबंध आईशिवाय दुसऱ्या कोणी वाचलाच नव्हता. तिने सवयीने वर पाहिलं. वर आई नव्हती, आभाळाचा एक तुकडा होता.

तिला भलतीच भीती वाटली. हा माणूस पडला तर डोकं फुटेल. आपल्यामुळे फुटेल. पेपराच्या दिवशीही ती घाबरली होती, पण तेव्हा लोक काय म्हणतील याची भीती होती, बाबा काय करतील याची होती. ही भीती निराळी होती.

“पुढे काय?” बुवांनी विचारलं.

“आता तिकडे…” ती थांबली. “उजवा हात भिंतीला लावा. लावलात? आता उजवा पाय खाली. पायरी अरुंद आहे, पाऊल आडवं ठेवा.”

बुवांनी ठेवलं. पायरी हलली नाही.

“डावा पाय तिथेच आणा. खालच्या पायरीवर शेवाळ आहे… नाही, थांबा, बघते.” तिने वाकून हात फिरवला. “भिंतीकडे कोरडी आहे. भिंतीला धरूनच पाय टाका.”

असं करत ती दोघं उतरत राहिली. प्रत्येक पायरीवर ती आधी स्वतः उभी राहायची, दाबून बघायची आणि मगच बोलायची. उजेड कमी होत गेला.

मग एका जागी पायरीच नव्हती.

“बुवा, हलू नका. इथे पायरी पडलीय. मध्ये काहीच नाही. त्याच्या खाली आहे एक. आधी बसा. बसून पाय खाली सोडा.”

बुवा बसले. त्यांचा पाय पोकळीत लोंबत राहिला, काही शोधत राहिला, पण टेकेना.

“आहे ना खाली?”

“आहे.”

“नक्की?”

केतकीने खाली उडी मारली. पाय आपटले.

“आहे. मी उभी आहे तिच्यावर. आवाज आला ना? आणखी वीतभर खाली या… आणखी थोडं… टेकलं.”

…

शेवटच्या पायरीशी बुवा खाली वाकले आणि त्यांची बोटं पाण्यात बुडाली. त्यांनी उपरणं सोडलं, पाणी पाहिलं, मग मान वर करून आलेली वाट पाहिली. बराच वेळ पाहिली.

“बाप रे,” ते पुटपुटले.

केतकीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्हीसुद्धा घाबरला होतात?”

“मग? पडलो असतो तर तू जोडणार होतीस का मला?”

ती हसली आणि हसता हसता एकदम रडायलाच लागली. बुवांनी तिला रडू दिलं. कुठूनतरी थेंब पडत होते, त्यांचा आवाज येत होता.

“मला वाटलं होतं, तुम्ही माझी भीती घालवाल,” ती शेवटी म्हणाली.

“गेली नाही?”

“जास्तच झालीय.” तिने नाक पुसलं. “आता तर वाचणाऱ्याचीही काळजी लागली. परीक्षेच्या दिवशी काय करू मी या भीतीचं, बुवा?”

बुवांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. उपरण्याने चेहरा पुसला. उपरणं नीट घडी करून खांद्यावर टाकलं.

“बरोबर घेऊन जा,” ते म्हणाले. “मला इथवर तिनंच आणलं.”